त्या सकाळी कुणीतरी वाट बंद केली होती

मी सर्व्हर दुरुस्त करत होतो तेव्हा तिथून तीन किलोमीटरवर एक माणूस गळ्याइतक्या पाण्यात उभा होता. मला ते ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत मी याआधी चार-पाच जणांना सांगितली आणि दरवेळी सुरुवातीला माझी हुशारी सांगत बसलो, माणूस शेवटी आणला. ते बरं केलं नाही. तेव्हा पुढचं वाचताना तो माणूस पाण्यात आहे एवढं लक्षात असू द्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बारामतीत माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. विक्री कमी, दुरुस्ती जास्त. पतसंस्था, दवाखाने, शाळा, जिथं एखादं मशीन रुसतं तिथं मला बोलावतात. मी मूळचा कऱ्हाटीकडचा. आमचा भाग जिरायती. लहानपणीचे उन्हाळे टँकरमागं हंडे घेऊन पळण्यात गेले. त्यामुळे मोटर चालू म्हणजे चांगलं आणि बंद म्हणजे वाईट, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. स्वभाव तापट. मशीन चालत नसेल तर मला तो माझा अपमान वाटतो, आणि ते चालेपर्यंत मी कुणाचं ऐकत नाही. लोक याला चिकाटी म्हणतात. बरीच वर्षं मीही तेच समजत होतो.

इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर, एक सहकारी उपसा योजना आहे. काठाशी सिमेंटची खोल विहीर, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. फुगवट्याचं पाणी चरातून तिच्यात येतं, मोठी मोटर ते उचलते आणि पाइपातून वरच्या उसाला देते. या मोटरीवर तीस वर्षं एकच माणूस होता. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. यांच्या पिढीत मेंढरं गेली, थोडी शेती आणि ही नोकरी आली. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणत असे.

फुगवट्यात जलपर्णी फार. मोटरीच्या पाण्यातल्या टोकाला जाळी असते, तिच्यात ती अडकून बसते आणि मोटर पाण्याऐवजी वारा ओढायला लागते. मग कुणीतरी खाली उतरून हातानं जाळी मोकळी करायची. हे काम आबांचं. वर त्यांचा धाकटा भाऊ आबांच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक धरून बसायचा. उतरण्याआधी आबा स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपसायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात टाकायचे आणि मगच शिडीवर पाय ठेवायचे. एकदा फ्यूज खिशात गेले की कुणाला काही सांगायची गरज नसे. चेअरमननं स्वतः येऊन बटण दाबलं असतं तरी मोटर हलली नसती. पाटी लावणं, वहीत लिहिणं, चार जणांना बजावणं, यातलं काहीच त्या विहिरीवर नव्हतं, कारण ते कधी लागलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी योजनेनं नवी व्यवस्था आणली. विहिरीवर एका कंपनीची बंद पेटी बसली आणि ऑफिसात माझा सर्व्हर बसला. सभासदानं मोबाइलवर योजनेचं पान उघडायचं आणि आपल्या पाळीच्या वेळी ‘चालू’ दाबायचं. सर्व्हर तो आदेश रांगेत लावतो. विहिरीवरची पेटी आपल्या सिमकार्डावरून दर मिनिटाला सर्व्हरला विचारते की माझ्यासाठी काही आहे का, आणि असेल तसं करते. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीनं सभासदाचा मोबाइल काय आणि विहिरीवरची पेटी काय, दोघंही बाहेरचेच. त्यांना आत येता यावं म्हणून ऑफिसच्या राउटरमध्ये मी एक वाट ठेवली होती. राउटरच्या पानावर त्या वाटेपुढं एक चौकोन आणि चौकोनात टिक. टिक आहे तोवर वाट उघडी. उद्घाटनाच्या भाषणात मी म्हणालो होतो की आता विहिरीवर जायचं कामच उरलं नाही. टाळ्या पडल्या. आबा मागच्या ओळीत बसले होते, त्यांनी वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

नव्या पेटीत उपसायला फ्यूज नव्हते, दाबायला बटणही नव्हतं. पेटीला कंपनीचं सील, ते तोडलं तर वॉरंटी गेली. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासूनच, लाइट पाडावी तर गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटरही त्याच डीपीवर. आबांनी हे ऑफिसात दोनदा सांगितलं होतं म्हणे. कंपनीला कळवतो, असं उत्तर मिळालं. जलपर्णीला कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. शेवटी आबांनी ऑफिसातल्या ताईंना गाठलं. ताई म्हणजे योजनेच्या एकुलत्या कारकून, तिशीच्या, आबांच्या शेजारच्याच वस्तीवर राहणाऱ्या. मी राउटर लावला तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून नीट बघत होत्या आणि पासवर्ड त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला होता. बाहेरनं कुणालाच काही करता येऊ नये असं काही असतं का, असं आबांनी विचारलं. ताई म्हणाल्या, असतं.

तेव्हापासून आबा उतरणार असतील त्या दिवशी ताई टिक काढायच्या आणि ते वर आले की पुन्हा लावायच्या. पेटी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही तर मोटर चालू व्हायचा प्रश्नच नाही, हा त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता. हे त्या दोघांत आणि धाकट्या भावात होतं. त्यांच्या दृष्टीनं ते फ्यूज खिशात टाकण्यासारखंच, आणि फ्यूज खिशात टाकल्यावर कोण गावभर सांगत फिरतं. मला हे सगळं नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. या वेळचे फ्यूज आबांच्या खिशात नव्हते, माझा हात पोहोचेल अशा जागी होते. हे मात्र तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

चैत्र संपत आला होता. त्या सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना ताईंनी टिक काढली, पान सेव्ह केलं, आपल्या मोबाइलवर योजनेचं पान उघडत नाही ना ते तपासलं, आबांना फोन करून झालं म्हणून सांगितलं आणि भावाच्या साखरपुड्याला करमाळ्याकडं निघून गेल्या. जाळी इतकी भरली होती की दिवसभराचं काम होतं. टिक त्या दुसऱ्या दिवशी येऊन लावणार होत्या.

दुपारी बाराला मला तात्यांचा फोन आला. तात्या योजनेचे संचालक, मोठे बागायतदार, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. सकाळपासून कुणाच्याच मोबाइलवर पान उघडत नव्हतं, त्यांची स्वतःची पाळी चालू होती आणि ऊस माना टाकत होता. चेअरमन पुण्याला गेले होते आणि सगळे सभासद तात्यांच्या डोक्यावर बसले होते. तुमची ही मशीन उचलून न्या आणि आमचं जुनं बटण परत द्या, असं ते म्हणाले. मला ते झोंबलं.

वर्षभरात असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा मी जायच्या आतच संध्याकाळी सर्व्हर आपोआप दिसायला लागला होता आणि लाइनचा प्रॉब्लेम असेल म्हणून मी विषय मिटवला होता. आपोआप काही सुरू होत नसतं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. दुसऱ्याला शिकवताना ते मला बरोबर आठवतं.

मोटरसायकलवर निघालो. जंक्शन, लासुर्णे, निमगाव, सगळा रस्ता उन्हानं रिकामा पडलेला. शेतांतून पाचट जाळल्याचा वास येत होता आणि धूर सरळ वर न जाता जमिनीलगत पसरला होता. गावाच्या अलीकडं विहिरीचा फाटा लागतो. तिथून पंपहाउस दिसतं. त्याच्या सावलीत आबांची जुनी मोपेड उभी होती. बरं झालं, माणूस जागेवर आहे, असं माझ्या मनात आलं आणि मी पुढं गेलो. फाट्यावरून आत वळलो असतो तर चार मिनिटं लागली असती.

ऑफिसात तात्या खुर्ची टाकून बसलेच होते. मी पाणीही न पिता कामाला लागलो. आधी सर्व्हरवरच पान उघडून पाहिलं. उघडलं. मग ताईंच्या टेबलावरच्या मशीनवर पाहिलं, तिथंही उघडलं. पान नुसतं उघडतंय की कामही करतंय हे बघायला मी तिथून ‘चालू’ दाबलं. पानावर अक्षरं आली: आदेश रांगेत आहे. म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता. मी तात्यांना ते मोठ्या ऐटीत दाखवलं आणि पुढच्या तपासणीला लागलो. रांगेतला तो आदेश काढायचं माझ्या डोक्यातून गेलं. खरं तर तो काढावा असं डोक्यात आलंच नव्हतं. मोटर चालू व्हायलाच तर मला बोलावलं होतं.

मग माझ्या मोबाइलचं वायफाय बंद करून बाहेरच्या नेटवरून पाहिलं. गोल फिरत राहिलं आणि शेवटी, पोहोचता येत नाही, असं आलं. घरातल्या घरात सगळं ठीक, बाहेरच्याला मात्र दार सापडत नाही, असं हे दुखणं. कधी सर्व्हर फक्त स्वतःच्याच हाकेला ओ देत बसतो. तसं नव्हतं, तो सगळ्यांचं ऐकायला तयार होता. कधी त्याची स्वतःची राखण, म्हणजे फायरवॉल, जास्त कडक होते. ती मी काही वेळ पूर्ण उतरवून पाहिली, फरक पडला नाही. कधी नेट देणारा न सांगता बाहेरचा पत्ताच बदलतो. त्याला इंदापूरला फोन लावला, पत्ता तोच होता. एकेक कारण मोडीत निघत होतं, तसा माझा पारा चढत होता. तात्या दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत आणि बाहेर जाऊन कुणाच्या तरी फोनवर माझ्या नावानं खडे फोडत.

या सगळ्याला तास गेला असेल. त्या तासात आबांनी जाळीची एक बाजू मोकळी करून दुसऱ्या बाजूला हात घातला होता.

शेवटी राउटरचं पान उघडलं. वाट तिथंच होती, मी लिहिली होती तशी, अक्षर न अक्षर. चौकोनात टिक नव्हती. खाली बारीक अक्षरात, शेवटचा बदल आज सकाळी आठ पन्नास, असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. टिक आपली आपण निघत नाही. ती कुणीतरी आपल्या हातानं काढली होती आणि काढून ते पान सेव्ह केलं होतं.

माझ्या मानेवर काटा आला. तो भीतीचा होता की रागाचा, हे आजही मला धड सांगता येत नाही. कुणीतरी माझ्या कामात हात घातला, एवढंच मला तेव्हा दिसलं. का घातला असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

तात्यांनी पाठीमागून विचारलं, “आफिस सकाळी त्या बाईनंच उघडलं व्हतं. तिला फोन लावून बघायचा का?”

मी म्हणालो, “तिला काय कळतंय यातलं.”

लाइट गेली-आली की असं होतं, अशी एक थाप त्यांना मारली. लाइट गेल्यानं असं होत नाही. पण कारकून बाईला फोन करून, तुम्ही हे का केलं, असं विचारायचं म्हणजे माझ्या राउटरवर माझ्याशिवाय आणखी कुणाचा हात चालतो हे तात्यांसमोर कबूल करायचं. ते माझ्या जिवावर आलं. नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी टिक लावली आणि सेव्ह दाबलं.

राउटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी खिडकीशी उभा होतो. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मग मोबाइलवर, वायफाय बंद ठेवून, पान झटकन उघडलं. तात्यांच्या मोबाइलवरही उघडलं. ते पहिल्यांदाच हसले आणि कुणाला तरी चहा आणायला पाठवलं. पानावर विहिरीवरच्या पेटीपुढचा लाल ठिपका हिरवा झाला. पेटी आली होती, तिनं विचारलं होतं, आणि रांगेत एक आदेश होता. तासाभरापूर्वी मी स्वतः दाबलेला. हिरव्या ठिपक्यापुढं अक्षरं आली: मोटर चालू.

मला अतिशय आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

चहा आला. पहिला घोट घेतला असेल नसेल, तात्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं तो कानापासून लांब धरला होता, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू आलं. धाकटा भाऊ होता. तो ओरडत नव्हता, त्याला दम लागला होता.

“मोटर बंद करा. आबा खाली हायेत.”

मी ‘बंद’ दाबलं. पेटी मिनिटाला एकदाच विचारते, हे मीच ठरवलं होतं. मी अक्षरांकडं बघत बसलो आणि ती बदलेनात. तात्या मला काहीतरी म्हणत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी ‘बंद’ पुन्हा दाबलं. मग अक्षरं बदलली.

विहिरीवर काय झालं ते धाकट्यानं नंतर सांगितलं. आबांचा उजवा हात जाळीवर होता. मोटर फिरली तशी जाळीनं जलपर्णीसकट हात ओढून घेतला आणि चिकटवून ठेवला. वरून धाकटा दोर ओढत होता, खालून मोटर हात ओढत होती. तो वर ओढायचा तेवढे आबा खालून ओरडायचे, म्हणून त्यानं दोर दाताखाली धरला, एका हातानं पंपहाउसच्या दाराचा गज पकडला आणि दुसऱ्यानं फोन काढला. विहिरीतलं पाणी झपाझप उतरत होतं म्हणून आबांचं तोंड पाण्याबाहेर राहिलं. नाहीतर हे मी लिहीत बसलो नसतो.

बारामतीच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढावी लागली, खांदा बसवावा लागला. करमाळ्याहून ताई तशाच साखरपुड्याच्या साडीत आल्या. बाहेरच्या बाकावर संचालक मंडळ बसलं होतं. ताईंनी स्वतःच सगळं सांगितलं, आबांचं आणि त्यांचं काय ठरलं होतं ते, टिक कशी काढली ते, आणि मग रडत म्हणाल्या की सेव्ह दाबायचं आपल्याकडून राहिलं असेल, म्हणून टिक मागाहून आपोआप परत आली असेल, दुसरं काय होणार. कुणीतरी म्हणालं, बायांच्या हातात मशिनी दिल्या की असंच व्हायचं. तात्या माझ्याकडं बघत नव्हते. त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नसावं, पण अंदाज आला असावा. मी भिंतीला टेकून उभा होतो. ताईंनी सेव्ह दाबलं होतं, हे त्या दवाखान्यात फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो.

आठ दिवस गप्प राहिलो. त्या आठ दिवसांत ताईंनी राजीनामा दिला. मी दुकानात बसून लोकांचे प्रिंटर दुरुस्त केले आणि घरी सगळ्यांवर खेकसलो. बायकोनं एकदा विचारलं, झालंय काय, तर ताट सारून उठलो. आबांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी बोललो असतो का, असं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आवडलं नाही.

नवव्या दिवशी सर्व्हरची आणि राउटरची नोंद कागदावर काढून घेतली आणि आबांच्या वस्तीवर गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ताई उंबऱ्याशी बसून आबांच्या कारभारणीला लसूण सोलून देत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि उठायला लागल्या. आबांनी डाव्या हातानं त्यांना बस म्हणून खुणावलं.

मी कागद पुढं केला. आबांनी तो घेतला नाही.

“मला वाचाया येत न्हाय,” ते म्हणाले. “तुमच्या मशिनीत समदं लिवलेलं आसतंय म्हनं. काय लिवलंय त्ये सांगा.”

मी सांगितलं. आठ पन्नासला टिक काढली आणि सेव्ह केली. एक वाजून पन्नास मिनिटांनी ‘चालू’ दाबलं, ते मी दाबलं. दोन बावन्नला टिक पुन्हा लावली, ती मी लावली. शेवटी शेवटी माझी ततपप झाली.

कोंबड्या अंगणभर टोचत फिरत होत्या. मग आबा माझ्याकडं न बघता उंबऱ्याकडं वळून म्हणाले, “ऐकलंस का? तू बंद केलं व्हतंस.”

ताईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडं बघितलं मात्र, आणि मला वाटलं की यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

“हे हितं सांगून भागायचं न्हाय,” आबा म्हणाले. “आफिसात सांगा. समद्यांम्होरं.”

मी हो म्हणालो. माफीचंही काहीतरी पुटपुटलो, पण ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“आनि आयतवारी मोकळं ऱ्हावा. जाळी अर्धीच झालीया. धाकटा उतरनार हाय, आनि दोर धराया माझा हात न्हाय. तुमी धरा.”

ऑफिसात मी सांगितलं, सगळ्यांसमोर. तात्या पंख्याकडं बघत राहिले. ताईंना परत बोलावलं गेलं आणि त्या आल्याही. माझ्याशी कामापुरतं बोलतात. पूर्वी मला सर म्हणायच्या, आता काहीच म्हणत नाहीत.

रविवारी सकाळी मी जॅकवेलच्या काठावर बसलो. या वेळी गावात भोंग्यावरून सांगून डीपी पाडला होता. टिक काढलेली होती, रांग पुसलेली होती, सर्व्हर मी बंद करून आलो होतो. तरी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पान उघडून पाहत होतो. पोहोचता येत नाही, असं येत होतं आणि त्याच्यावर माझा विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं मशीन काय म्हणते त्यावर डोळे झाकून चाललो, आणि नेमकी ती खरं बोलत असताना मला खरं वाटेना. आबांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि दोराचा एक वेढा माझ्या मनगटाला घालून दिला.

धाकटा शिडीनं उतरला. खाली पाणी काळं दिसत होतं, वरचं ऊन तिथवर जात नव्हतं. जलपर्णीचा कुजका वास वर येत होता. त्याचं डोकं दिसत होतं, मग तो जाळीकडं वाकला आणि दिसेनासा झाला. दोर ताणला, सैल पडला, पुन्हा ताणला. माझ्या पाठीमागं भिंतीत ती पेटी होती. तिच्यात लाइट नव्हती, तिला बोलायला समोर कुणी नव्हतं. तरी माझे कान तिच्याकडंच होते.

“हाय का?” मी खाली ओरडलो.

“हाय.”

थोड्या वेळानं पुन्हा ओरडलो. पुन्हा हाय आलं. पाचव्या-सहाव्या वेळी तो खालून वैतागला, “आवो हाय की. कितींदा इचारताय?” आबा शेजारी दगडावर बसले होते, हात गळ्यात, नजर दोरावर. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं नाही. दोर हातात होता आणि तो हलत नव्हता. मी पुन्हा विचारलं.